नवजात बाळाच्या पोटातली गाठ : सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : नवजात बाळांच्या पोटातील, कर्करोग नसलेल्या गाठींचे निदान, संदर्भसेवा आणि पाठपुरावा याबाबत.

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

2025 च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शासकीय महिला रुग्णालयात एका गर्भवतीची सोनोग्राफी करताना, तिच्या पोटातल्या बाळाच्या पोटात आणखी एका गर्भासारखा आकार दिसला. दिवस भरत आले होते, 35 वा आठवडा होता. पुढे बाळ जन्मलं आणि अमरावतीच्या सरकारी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पाच लाख जन्मांत एखादंच बाळ असं असतं, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. वाहिन्यांनी त्याला चमत्कार म्हटलं. मला त्यात चमत्कारापेक्षा आपल्याच यंत्रणेचं चोख काम दिसलं. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी घाई न करता नीट पाहिलं, पुढं कुणाला कळवायचं ते त्यांना ठाऊक होतं, आणि बाळ वेळेत योग्य टेबलावर पोचलं. सगळं सरकारी रुग्णालयांत झालं. याचा मला मनापासून अभिमान वाटला.

हे पत्र बातमीत न येणाऱ्या बाळांसाठी आहे. माझी सगळी उमेद सरकारी रुग्णालयांत लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करण्यात गेली. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. आपल्याकडे माझं मागणं एकच आहे. प्रसूतिगृहातून घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाच्या पोटावर जाणत्या माणसाचा हात फिरायला हवा. आणि पोटात काही लागलं, तर आईवडिलांना काही सांगण्याआधी, बाळ ॲम्ब्युलन्समध्ये चढवण्याआधी, तिथल्या डॉक्टरला फोनवर पीडियाट्रिक सर्जन मिळायला हवा. खाली जे लिहिते आहे ते एवढ्यासाठीच.

हाताचं काम किती साधं आहे ते आधी सांगते. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाचं पोट लुसलुशीत असतं, स्नायूंना अजून ताठपणा आलेला नसतो, आतड्यांत फार हवा भरलेली नसते. हात चोळून गरम करायचे, बाळाला आईचं दूध ओढायला द्यायचं, गुडघे थोडे वर दुमडायचे, आणि एक हात पाठीखाली ठेवून दुसऱ्या हाताची बोटं सपाट ठेवून बरगडीच्या खाली हळूच टेकवायची. दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोकं हाताला लागतात, यकृताची कड लागते. यापलीकडे काही लागलं तर ते लागायला नको होतं. दाबून, कुस्करून पाहायचं नाही, आणि एकानं पाहिल्यावर प्रत्येकानं पुन्हा चाचपायचं नाही. मिनिटभराचं काम. पण सकाळच्या राउंडमध्ये एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर जाताना दुपटं न सोडताच ‘बाळ ठीक’ असं केस पेपरवर लिहिलं जातं, हे आपल्याही कानावर असेलच.

काही लागलं म्हणजे लगेच काळजाचं पाणी व्हायचं कारण नाही, हेही त्या डॉक्टरला माहीत हवं. नवजात बाळाच्या पोटातला गोळा बहुतेक वेळा मूत्रमार्गाचा असतो. मूत्रपिंड लघवी तुंबून फुगलेलं असतं किंवा त्यात पाण्याच्या पिशव्या झालेल्या असतात. कधी तर नुसतं तुंबलेलं मूत्राशयच गोळ्यासारखं लागतं आणि बारीक नळी घालताच गोळा नाहीसा होतो. मग नळी का घालावी लागली, मुलगा असेल तर मूत्रनलिकेत पडदा आहे का, हा शोध घ्यायचा. यातल्या कशालाच कर्करोग म्हणत नाहीत. उरतात त्या खऱ्या गाठी. त्या दुर्मीळ आणि त्यातल्याही बऱ्याच साध्या. मोठ्या माणसाच्या पोटातल्या गाठीचे ठोकताळे इथं लावले की बाळाचं नुकसान ठरलेलं.

याचं मी पाहिलेलं एक उदाहरण देते, गावाचं आणि रुग्णालयाचं नाव न घेता. चार दिवसांच्या बाळाच्या यकृतात गाठ दिसली. कुणीतरी रक्तातली अल्फा फिटोप्रोटीनची तपासणी लिहिली. रिपोर्टमध्ये आकडा पन्नास हजारांवर, शेजारच्या रकान्यात ‘10 पेक्षा कमी’ आणि आकड्यापुढं ठळक अक्षरांत ‘हाय’. वडिलांना सांगण्यात आलं, लिव्हरचा कॅन्सर आहे, मुंबईला न्या, पण फार आशा धरू नका. त्यांनी बाळ मुंबईला न्यायच्या ऐवजी घरी नेलं. पदरी पैसा नाही आणि आशाही नाही म्हटल्यावर आणखी काय करणार? काही आठवड्यांनी आजी हटून बसली म्हणून ते बाळ आमच्याकडे आलं, तेव्हा पोट एवढं ताणलं होतं की श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. गाठ होती मेसेंकायमल हॅमार्टोमा. यकृताच्याच ऊतींची वेडीवाकडी वाढ, आत पाण्याच्या पिशव्या. ती काढली. बाळ बरं झालं.

त्या आकड्यात वावगं काहीच नव्हतं. हे प्रथिन गर्भाचं यकृत तयार करतं, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात जन्मावेळी ते सरासरी मिलिलिटरला 48,000 नॅनोग्रॅमच्या आसपास असतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याहून जास्त. सुरुवातीला साधारण साडेपाच दिवसांनी ते निम्मं होत जातं आणि मोठ्या माणसाच्या पातळीला यायला सुमारे आठ महिने लागतात. म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नसतो, तो वयाप्रमाणे उतरतोय की नाही हे पाहायचं असतं. उतरत नसेल, उलट चढत असेल, तर हिपॅटोब्लास्टोमाचा, म्हणजे लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगाचा, विचार करायलाच हवा. शासकीय प्रयोगशाळांच्या आणि आपण करारानं नेमलेल्या खासगी लॅबच्या रिपोर्टवर एक वर्षाखालच्या मुलांसाठी वयानुसार संदर्भमूल्यांचा तक्ता छापणं, याला निधी लागत नाही. एक परिपत्रक पुरेल.

यकृतातलीच दुसरी गाठ रक्तवाहिन्यांची, हिमँजिओमा. हिच्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण जिल्हा पातळीवर सगळ्यात जास्त करण्यासारखं इथंच आहे. हिचे दोन वेगळे स्वभाव आहेत. एक गाठ जन्मतःच पूर्ण वाढलेली असते, एकच असते आणि वर्ष-सव्वा वर्षात बहुधा आपणहून आक्रसते. दुसऱ्या प्रकारात जन्मानंतर काही आठवड्यांत यकृतभर अनेक गाठी उमलतात. अशा बाळाच्या कातडीवर पुष्कळदा लाल ठिपके असतात. असे पाच किंवा जास्त ठिपके दिसले की यकृताची सोनोग्राफी करायचीच, हा नियम प्रत्येक बालरोगतज्ज्ञ शिकलेला असतो. आशाताईंना मात्र तो कुणी शिकवत नाही. ठिपके मोजायला डॉक्टर कशाला हवा?

गाठी खूप असल्या तर रक्त त्यांच्यातून धबाधबा वाहतं आणि हृदय थकतं. बाळ दूध पिताना घामाघूम होतं, धापा टाकतं, वजन धरत नाही. त्याला न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक चालू राहतं. शिवाय या गाठींत असं एक विकर असतं की ते थायरॉईडचं संप्रेरक मोडून टाकतं. बाळाची थायरॉईड ग्रंथी धड असूनही शरीराला संप्रेरक पुरत नाही. वेळेत कळलं नाही तर मेंदूच्या वाढीवर कायमचा परिणाम. म्हणजे सोनोग्राफीबरोबर टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, आणि हृदयाची तपासणी झालीच पाहिजे. सुईनं तुकडा मात्र काढायचा नाही, रक्तस्राव आवरत नाही.

आणि उपचार? 2008 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी जगाला सांगितलं की हृदयासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलनं मुलांच्या चेहऱ्यावरचे हिमँजिओमा विरत गेले. त्याआधी महिनोन् महिने स्टेरॉइड द्यावे लागत. आज यकृतातल्या या दुसऱ्या प्रकारच्या गाठींवरही तेच औषध पहिलं दिलं जातं, दिवसाला किलोमागे साधारण 2 ते 3 मिलिग्रॅम, विभागून. जुनं, स्वस्त, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं औषध आहे. अट एवढीच की ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू व्हावं आणि बाळाचं पोट भरलेलं असतानाच द्यावं, कारण उपाशीपोटी साखर एकदम खाली येऊ शकते. रात्री बाळ दूध प्यायलं नाही तर डोस टाळायचा, हे आईला तिच्या भाषेत सांगणारं कुणीतरी हवं. मेळघाटातल्या कोरकू आईला ते प्रमाण मराठीत सांगून चालत नाही.

मेळघाटाचा विषय निघालाच आहे तर हेही लिहिते. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके दिल्याच्या बातम्या तिथून अजून येतात. मग गुन्हा दाखल होतो. व्हायलाच हवा. पण बाळाचं पोट का फुगलं होतं, हे त्या बातमीत कधीच नसतं. फुगलेल्या पोटाला सोनोग्राफी जवळ मिळाली असती, तर विळ्याची पाळी कमी वेळा आली असती असं माझं ठाम मत आहे.

मूत्रपिंडाच्या गाठीची गोष्ट वेगळी. पहिल्या तीन महिन्यांत मूत्रपिंडात सर्वाधिक आढळणारी घट्ट गाठ म्हणजे मेसोब्लास्टिक नेफ्रोमा. 1967 साली बोलांडे आणि सहकाऱ्यांनी आठ बाळांचा अभ्यास मांडून ती विल्म्सच्या, म्हणजे लहान मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगापासून वेगळी काढली. तोवर दोन्ही एकच समजून बाळांना तोच कडक उपचार होत असे. या गाठीत बहुतेक बाळांना एक चांगली शस्त्रक्रिया पुरते, ते मूत्रपिंड गाठीसकट आणि भोवतालच्या चरबीसकट काढायचं. गाठीला धड कवच नसतं, ती आजूबाजूला बोटं पसरते, म्हणून कडा स्वच्छ मिळणं महत्त्वाचं. तिचा एक पेशीबहुल प्रकार अधिक आक्रमक असतो. त्यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं आणि त्यातल्या बऱ्याच गाठींत 12 आणि 15 क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल सापडते. हे ओळखायला मुलांच्या गाठी पाहण्याची सवय असलेला पॅथॉलॉजिस्ट लागतो. असे तज्ज्ञ राज्यात मोजके आहेत. स्लाइड आणि ब्लॉक त्यांच्यापर्यंत शासकीय टपालानं जावेत. नातेवाइकांनी ते पिशवीत घालून शहरोशहरी हिंडू नये.

ही शस्त्रक्रिया कुठंही करायची नसते, ते एका आकड्यावरून लक्षात यावं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 250 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, चहाचे दोन कप भरतील एवढं. टेबलावर भिजलेली प्रत्येक पट्टी वजन करून मोजावी लागते. भूल देणारा नवजात बाळांत मुरलेला असावा लागतो, आणि नंतरची रात्र सांभाळायला नवजात अतिदक्षता विभाग लागतो. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी कुणा धाडसी सर्जननं ‘बघू या उघडून’ असं म्हणू नये, हेही मी स्पष्ट सांगते.

मुलींच्या बाबतीत एक अडचण खास आपल्या देशातली आहे. आईच्या संप्रेरकांमुळे गर्भातल्या मुलीच्या बीजकोशात पाण्याची पिशवी तयार होते. ती बहुधा सातव्या महिन्यानंतर दिसते, त्यामुळे पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी स्वच्छ होती याचा काही उपयोग नसतो. आता ‘बीजकोशातली सिस्ट’ असं रिपोर्टवर लिहिलं की गर्भ मुलीचा आहे हे उघड होतं. लिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा आपल्या मुलींसाठी आहे आणि त्याला कुठंही चीर पडू नये. म्हणून डॉक्टर ‘पोटातली सिस्ट’ एवढंच लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण प्रसूतीनंतर तो कागद पुन्हा कुणी उघडत नाही. बाळ रडलं, दूध प्यायलं, घरी गेलं. साधी, चार-पाच सेंटिमीटरपेक्षा लहान सिस्ट असेल तर दर महिना-दीड महिन्यानं सोनोग्राफी करत थांबायचं असतं, बहुतेक सिस्ट काही महिन्यांत विरून जातात. मोठी असेल, किंवा आत गढूळ दिसत असेल, तर बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो आणि सर्जनचा सल्ला तातडीनं हवा. शस्त्रक्रिया करावीच लागली तर सिस्ट जावी, बीजकोश शक्य तितका वाचावा. एका दिवसाच्या मुलीचं पुढचं आईपण त्या टेबलावर ठरत असतं. गर्भारपणात सोनोग्राफीत काहीही सापडलं असेल, तर त्याची नोंद आईच्या कार्डावरून बाळाच्या कार्डावर उतरवणं सक्तीचं करा. एवढं केलं तरी पुष्कळ.

माकडहाडाशी असलेल्या टेराटोमाबद्दल, म्हणजे निरनिराळ्या ऊतींची सरमिसळ असलेल्या गाठीबद्दल, थोडक्यात. सुमारे 35 ते 40 हजार जन्मांमागे एका बाळाला ती होते, बाहेर लोंबत असली तर कुणालाही दिसते. पण तिचा एक प्रकार पूर्णपणे कटिभागात लपलेला असतो आणि बद्धकोष्ठ किंवा लघवी अडल्याशिवाय कळत नाही. जन्मावेळी या गाठी बहुतांश साध्या असतात, पहिल्या दोन महिन्यांनंतर कर्करोगाचा धोका वाढत जातो. म्हणून इथं थांबायचं नाही. गाठीबरोबर माकडहाड काढावंच लागतं, ते मागं राहिलं तर गाठ परतण्याचा धोका फार मोठा. आणि पुढची तीन वर्षं तरी मूल तपासणीला येत राहायला हवं.

म्हणजे एका गाठीत थांबायचं, दुसरीत औषध द्यायचं, तिसरीत लगेच काढायचं. कुठं काय, हे जिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं एकट्यानं ठरवावं अशी अपेक्षा मी करत नाही, आपणही करू नये. तो रात्री तीन वाजता एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात, एकटा असतो, काचेत ठेवलेली बाळं असतात, बाहेर नातेवाईक ताटकळलेले असतात. त्याला कुणाला तरी विचारता यावं, एवढंच तर आहे. तशी सोय नसते, मग तो विचारण्याऐवजी चिठ्ठी लिहितो. ‘पोटात गाठ, पुढील उपचारासाठी रेफर.’ फोन नाही, वेळ ठरलेली नाही. गडचिरोलीहून नागपूर 170 किलोमीटरच्या वर आहे. नंदुरबारचे लोक तर मुंबईपेक्षा सुरतेचा रस्ता धरतात. माझ्या अनुभवात अशी बाळं गाठीनं अत्यवस्थ होऊन आलेली थोडी, गारठून आलेली पुष्कळ. तळपाय बर्फासारखे, साखर उतरलेली, नाकातून पोटात नळी न घातल्यानं उलटी फुप्फुसात गेलेली. गाठ तशीच, जशी होती तशी. आईला मागं वॉर्डात ठेवून बाळ एकटं पाठवलेलं, म्हणजे दूध नाही आणि ऊबही नाही. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून नेलं तर हा गारठा टळतो, त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. गाठ जन्माआधीच दिसली असेल तर आईलाच बाळंतपणासाठी मोठ्या रुग्णालयात न्यावं, सगळा प्रवासच वाचतो.

हे सगळं उभं करायला नवी योजना काढू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. आहे त्यात बसवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यातल्या जन्मजात दोषांच्या यादीत दुभंगलेले ओठ आहेत, वाकडे पाय आहेत, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष आहेत. पोटातला गोळा नाही. राज्याच्या तपासणी कार्डावर ती एक ओळ वाढवा. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची रीत तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूतांनी घालून दिली, त्यांचा अभ्यास 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि आज देशभर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी दारात जातात. त्यांच्या यादीत चार प्रश्न घाला. पोट एका बाजूला फुगलंय का? हिरवी उलटी होते का? लघवीची धार कशी आहे? अंगावर लाल ठिपके किती? आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आजीला विचारा, हाताला काही लागतं का. लागत असेल तर तिथं मालीश बंद.

मुंबई, पुणे, नागपूर इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पीडियाट्रिक सर्जरीचे विभाग आहेत. प्रत्येक जिल्हा त्यातल्या एकाला जोडून द्या. चोवीस तास उचलला जाईल असा एक नंबर द्या आणि तो एसएनसीयूच्या भिंतीवर लावा. तिकडून जो सल्ला मिळेल तो केस पेपरवर सल्ला देणाऱ्याच्या नावासह लिहिला जावा, म्हणजे उद्या जबाबदारी त्या एकट्या तरुण डॉक्टरवर पडणार नाही. वैद्यकीय शिक्षण विभाग वेगळा, सार्वजनिक आरोग्य विभाग वेगळा, हे मला माहीत आहे. दोन विभागांच्या मधली ही फट बाळानं ओलांडावी अशी अपेक्षा करता येत नाही, ती आपणच बुजवायची आहे.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेकडेही या नजरेनं पाहावं. ज्या बाळाची गाठ न कापता नुसती पाहत राहायची आहे, त्याच्या दर महिन्याच्या सोनोग्राफीचा, रक्ततपासणीचा आणि एसटीच्या भाड्याचा विचार योजनेत स्पष्ट असावा. पैशाअभावी आई तिसऱ्या तपासणीला आली नाही तर आमचं ‘थांबू या’ हा सल्ला उरत नाही, हयगय होते. या बाळांच्या केस पेपरवर स्वतःचं नावसुद्धा नसतं, ‘बेबी ऑफ’ आणि पुढं आईचं नाव. त्यामुळे पाठपुराव्याची नोंद बारशानंतर हरवते. ती आईच्या माता-बाल नोंदणी क्रमांकाला जोडा.

वयानुसार अल्फा फिटोप्रोटीनचा तक्ता, पोट तपासण्याची पद्धत, कुठल्या गाठीत काय करायचं नाही याची यादी आणि प्रवासापूर्वीची तयारी, असं भिंतीवर लावण्याजोगं एक पान मी मराठीत तयार केलं आहे. विभागाच्या तज्ज्ञांकडून तपासून घेऊन ते वापरावं, माझं नाव नको. प्रशिक्षणाला बोलावलंत तर गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, जिथं म्हणाल तिथं स्वखर्चानं येईन. पुढच्या राज्यस्तरीय आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते जाहीर करावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालशल्यचिकित्सक, विदर्भ